चॉकलेटचा डबा रिकामा परत करू नये

कॉम्प्युटर मुलाच्या अभ्यासासाठी घेतला होता. मुलगा शिकायला मँचेस्टरला गेला आणि कॉम्प्युटर कार्डिफला राहिला, तेव्हा त्यावर धूळ तरी बसू नये म्हणून मी त्याच्यासमोर बसायला लागले. नवरा हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. दिवसभर लोकांना झोपवून घरी आला की जेवून स्वतः झोपायचा. संध्याकाळी सहानंतर फोनचे दर उतरत, तेव्हा फोन आणि घर दोन्ही माझ्या ताब्यात असे. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं आणि इंटरनेट म्हणजे काय हे इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना समजावताना मी बराच भाव खात होते.

चाचपडत चाचपडत मी गप्पांच्या एका गटात शिरले. एकाने पत्र लिहिलं की ते सगळ्यांना पोचायचं आणि मग सगळे त्यावर तुटून पडायचे, तेही अगदी गोडीगुलाबीने. विषय म्हणे केल्टिक, म्हणजे वेल्स-आयर्लंडकडच्या, लोककथा आणि गावांची जुनी नावं. प्रत्यक्षात तो होता चॉकलेट. कुठल्याशा डोंगराच्या नावात अस्वल आहे की बिशप, यावर कडाक्याचा वाद चालायचा आणि तिसऱ्या दिवशी गाडी मिंटच्या चॉकलेटवर येऊन थांबायची. बर्मिंगहॅमकडचे एक गृहस्थ होते, त्यांचा जन्म चॉकलेटच्या कारखान्यात गेलेला. ते दुधाच्या चॉकलेटच्या बाजूने असे लढायचे की जणू कोणी त्यांच्या गाईला बोललं. ब्रेकनच्या डोंगराकडच्या एक निवृत्त शाळाशिक्षिका होत्या, त्यांना मी मनात ‘बाई’च म्हणायचे. त्यांचं मत असं की काळं, कडू चॉकलेट तेवढं खरं, बाकी सगळी लहान मुलांची समजूत. त्या गटात अस्सल वेल्श अशा त्या एकट्याच. बाकीचे केल्टपणाने नुसते पछाडलेले होते.

आणि मी. माझ्याकडे ना पऱ्या होत्या, ना वेल्श भाषा. बरेच महिने मी नुसती “किती सुंदर” असं लिहीत राहिले.

अशात सासूबाई आल्या. सासरे गेल्याला वर्ष होऊन गेलं होतं, गुहागरकडच्या गावात त्या एकट्या, म्हणून नवऱ्याने त्यांना सहा महिन्यांच्या व्हिसावर फेब्रुवारीत आणलं. आणलं ते परत न पाठवायच्या बेताने. वकिलाकडून कायम राहण्याचे कागद तयार करून घेतले होते, त्यांची सही तेवढी बाकी होती. ती बाकी ठेवण्यात सासूबाई फार तरबेज निघाल्या. कधी अमावास्या असे, कधी चष्मा सापडत नसे, कधी हाताला मुंग्या येत. नवरा म्हणायचा, “आई, इथे सेंट्रल हीटिंग आहे, चेकअप आहे, गावात तुला रात्री काही झालं तर?” सासूबाई गावाकडचं काढत. म्हणायच्या, “आता तिकडे काजू भाजायला घेतले असतील.” दुसऱ्या दिवशी हा सुपरमार्केटमधून काजूची पाकिटं घेऊन यायचा. म्हणायच्या, “पोफळींना आता पाणी लागेल.” हा लगेच गावच्या शेजाऱ्यांना फोन लावून द्यायचा. इतका गुणी मुलगा मी दुसरा पाहिला नाही. जखम सोडून सगळीकडे मलम लावायचा.

मला विचाराल तर, त्या जाव्यात असं सुरुवातीला मला वाटत होतं. दिवसभर त्या पुढच्या खोलीतल्या खिडकीशी बसत. रस्त्यावर बघण्यासारखं काही नाही, एक पोस्टमन आणि शेजाऱ्यांचं मांजर. मी दुपारी सर्जरीतल्या, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या, रिसेप्शनवरून घरी आले की त्या मांजराची सगळी खबरबात सांगत. ते ऐकताना मला अपराध्यासारखं व्हायचं, आणि अपराध्यासारखं झालं की मी चिडते.

एका संध्याकाळी मी कॉम्प्युटरवर असताना त्या शेजारी खुर्ची ओढून वाती वळायला बसल्या. कापूस केमिस्टकडचा, पण वाती अस्सल. “काय लिहितात गं तुझ्या त्या बाया?” मी वाचून दाखवलं. त्या दिवशी बाईंनी त्यांच्याकडच्या तळ्याची गोष्ट लिहिली होती. डोंगरातल्या तळ्याकाठी खडकात एक दार आहे. वर्षातून एकदा, मे महिन्याच्या पहिल्या दिवशी, ते उघडायचं. आत पऱ्यांची बाग. पऱ्या येईल त्याला फळं द्यायच्या, गाणी ऐकवायच्या. अट एकच, तिथलं काही बाहेर न्यायचं नाही. एकाने जाताना एक फूल खिशात घातलं. त्या दिवसापासून दार बंद.

सासूबाईंची वात हातात राहिली. “म्हणजे पाण्यातल्या आसराच की या,” त्या म्हणाल्या. “पण फुलासाठी एवढा राग? आमच्याकडे निदान ओगराळं तरी होतं.”

आणि मग त्यांनी त्यांच्या माहेरच्या तळ्याची गोष्ट सांगितली. घरात लग्नकार्य निघालं की आदल्या संध्याकाळी काठावर नारळ ठेवून, किती पानं उठणार ते तळ्याला सांगून यायचं. सकाळी काठावर तेवढी भांडी लखलखत असायची, घागरी, पराती, सगळं. कार्य झालं की घासूनपुसून परत ठेवायची. एका घरातल्या बाईला आमटी वाढायचं ओगराळं फार आवडलं, तिने ते ठेवून घेतलं. तेव्हापासून तळं कोणाला काही देत नाही. “आता मंडपवाल्याकडून आणतात,” त्या म्हणाल्या, “आणि तो डिपॉझिट घेतो.”

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत लिहून पाठवलं, मंडपवाल्यासकट. गटात हलकल्लोळ झाला. दोन तळी, दोन चोर, मधे सात समुद्र! बर्मिंगहॅमच्या गृहस्थांनी आठवडाभर चॉकलेटचं नाव काढलं नाही. मग रोज विचारणा, आज तुमच्या सासूबाई काय म्हणतात? वेल्श नावांत ॲबर म्हणजे नदीचं मुख, पॉन्ट म्हणजे पूल, असं मी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग यात संशोधन कसलं, वडाजवळचं ते वडगाव आणि चिंचेजवळची ती चिंचवाडी. यावर गावांच्या नावांची मंडळी तीन दिवस तृप्त होती. मी “किती सुंदर” लिहिणारी उरले नव्हते. मला आता मान होता, आणि तो सगळा माझ्या शेजारच्या खुर्चीत वाती वळत बसलेला होता.

तेव्हापासून सासूबाईंनी सही करावी असं मलाही वाटू लागलं. नवऱ्याला माझं फार कौतुक वाटलं. सून असावी तर अशी, असं त्याने मंडळात चारचौघांत सांगितलं.

जूनमध्ये पोस्टाने डबा आला. बाईंनी सासूबाईंसाठी काळी चॉकलेटं पाठवली होती, गोष्टींबद्दल आभार म्हणून. यात अंडं नाही असं मी बारीक अक्षरं वाचून सर्टिफिकेट दिल्यावर त्यांनी एक तोंडात टाकलं. “काढा आहे,” म्हणाल्या, आणि आठवड्याभरात काढा संपवला. मग डबा धुऊन पुसून ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, आता हा परत कसा करायचा?

मी समजावलं की इथे डबा परत करत नाहीत. आमच्या स्वयंपाकघरातली मोहरी, मेथ्या, हिंग सगळं ब्रिटिश बिस्किटांच्या डब्यांतच होतं. सासूबाईंनी डबा उलटा करून दाखवला. कोपरा चेपलेला, तळाला ओरखडे, आत अजून चहाचा जुना वास. “दुकानातला असता तर आपला. हा त्यांच्या घरातला डबा आहे. परत करायचा, आणि रिकामा नाही.” पोस्टाने पाठवू म्हटलं तर लाडू फुटतील म्हणाल्या. ज्या बाईने एका ओगराळ्यापायी तळ्याचं देणं बंद पाडलं तिची गोष्ट त्यांनीच सांगितलेली, तेव्हा वाद घालायला मला तोंड नव्हतं. मी बाईंना लिहिलं, त्यांनी या म्हणून लिहिलं, आणि जुलैतल्या एका रविवारी आम्ही तिघं निघालो. नवरा खूश होता. आईने हा देश जरा पाहिला की ती सही करेल, असा त्याचा हिशोब.

बाईंचं घर डोंगराच्या पायथ्याशी, दगडी. उंच, हाडाच्या, पिकल्या केसांच्या बाई दारात उभ्या होत्या. सासूबाईंनी पुढे होऊन दोन्ही हातांनी डबा त्यांच्यासमोर धरला. बाईंनी डबा ओळखला आणि त्यांचा चेहरा पडला. आवडली नाहीत का, त्यांनी मला हळूच विचारलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इथे भेट परत करणं म्हणजे अपमान. आम्ही चाळीस मैल गाडी हाकून एका वृद्ध बाईचा तिच्या दारात अपमान करायला आलो होतो. सासूबाईंनी मात्र सरळ झाकण काढलं. आत बेसनाचे लाडू, वर बेदाणे. बाई लाडवांकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “तळ्याची भांडी,” आणि इतक्या हसल्या की त्यांना दाराला धरावं लागलं.

तळं त्या टेकडीमागे आहे असं बाईंनी दाखवलं. सासूबाईंचे गुडघे पाहता ते मागेच राहिलं. आम्ही अंगणातल्या बाकावर चहा घेत बसलो. मी दोघींच्या मधे, दुभाषी. नवरा जरा बाजूला, चहाचा मग हातात घेऊन, मेंढ्यांकडे बघत.

सासूबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, “घरी कोण कोण असतं?” वर्षभर आम्ही गटातले सगळे या बाईंशी पऱ्या, पूल आणि चॉकलेट यांवर बोलत होतो, पण हे विचारायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. असं खासगी विचारू नये, हा इथला शिष्टाचार मी चांगला शिकले होते. मी चाचरत विचारलं. बाईंनी कप खाली ठेवला. त्या एकट्याच होत्या. ब्रिस्टलला मुलगी होती. तिने गॅरेजची छान खोली करून घेतली होती, हीटिंगसकट, आणि उन्हाळा संपायच्या आत उत्तर मागत होती. मुलगी फार चांगली आहे, असं त्या दोनदा म्हणाल्या.

मी मराठीत सांगितलं. सासूबाई बाईंकडे वळल्या. मग म्हणाल्या, “जाऊ नका म्हणावं. मुलगी चांगली असते, म्हणूनच भांडता येत नाही. खायला ऊनऊन मिळतं, अंगाला ऊब मिळते. पण दिवसभर आपल्याला कोणी काही मागत नाही. ज्या घरात आपल्याला कोणी काही मागत नाही, तिथे आपण पाहुणे. सहा महिने पाहुणं राहता येतं, मरेपर्यंत नाही राहता येत. मी खिडकीशी बसून बघितलंय, सांग त्यांना.”

मधे बसलेल्या माणसाच्या हातात फार मोठी सत्ता असते. घाई करू नका, नीट विचार करा, असं काहीतरी गुळमुळीत मी म्हटलं असतं तर कोणाला कळलं नसतं. सासूबाई राहिल्या असत्या, माझ्या संध्याकाळी राहिल्या असत्या. पण बाई माझ्या तोंडाकडे असं बघत होत्या की मला ते जमलं नाही. मी एकेक वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, खिडकीसुद्धा. माझ्या मांडीवरून हात लांब करून बाईंनी सासूबाईंचा हात धरला.

नवऱ्याच्या हातातला चहाचा मग तोंडाशी पोचून तिथेच थांबला होता. तो मला म्हणाला, “हे आई म्हणाली?” ती हे त्याच्यापासून चार हातांवर बसून, त्याच्याच भाषेत, खणखणीत आवाजात म्हणाली होती. त्याच्या तोंडाकडे बघून मला त्याची फार कीव आली.

परतताना सासूबाई पुढे बसल्या, मी मागे. वाटेवरच्या मर्थर गावाच्या पाट्या दिसायला लागल्यावर नवरा म्हणाला, ऑगस्टचं तिकीट बघतो. सासूबाईंनी मान हलवली. मग तो म्हणाला, “आई, हे तू मला का नाही बोललीस?”

“रोज बोलत होते,” त्या म्हणाल्या. “मराठीत बोलत होते.”