दुसऱ्या मजल्यावरच्या चपला

फोन वाजला की जयमालाबाईंच्या हातातलं जे असेल ते सुटायचं. कधी झारा, कधी निवडत असलेली मेथी, एकदा तर दुधाचं पातेलं.

वाशीच्या त्या तीन मजली इमारतीत फोन एकच. दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या हॉलमध्ये, क्रोशाच्या रुमालाखाली. त्यांचे यजमान श्यामसुंदरराव पाणीखात्यात होते. कुठे पाइप फुटला की बोलावणं यायचं, म्हणून खात्यानंच तो दिलेला. साल ब्याऐंशी. फोनचा अर्ज करून लोक वर्षानुवर्षं वाट बघत बसलेले, तेव्हा अख्ख्या बिल्डिंगनं हाच नंबर आपला मानला. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर तोच नंबर आणि पुढे ‘पी.पी.’. म्हणजे शेजाऱ्यांकडून बोलावून घ्या. बोलवायचं कुणी? जयमालाबाईंनी. पायात चपला सरकवायच्या आणि फटक फटक जिना उतरायचा, नाहीतर चढायचा.

सुरुवातीला त्यांना गंमतच वाटायची. मग एके सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या अरविंदला फोन आला. वडील गेले. जयमालाबाई वर गेल्या. अरविंदनं हसतच दार उघडलं, गालावर दाढीचा फेस. “काय वहिनी, आज लवकर घंटा झाली?” त्यांनी सांगितलं. तो तसाच उभा राहिला आणि फेस गालावर वाळत गेला. तो वाळलेला फेस जयमालाबाईंच्या डोळ्यांसमोरून हलेना.

तेव्हापासून घंटी वाजली की छातीत धडधड, तळहात गार. आता जातोच आपण, असं वाटायचं. पुढे पुढे तर घंटी वाजायचीही गरज उरली नाही. गप्प बसलेल्या फोनकडे नजर गेली तरी पुरे.

डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. “हार्ट फस्ट क्लास आहे तुमचं.”

“मग हे होतं ते काय?”

“भीती. औषध देतो, पण हे तुम्हाला एकटीलाच होतं असं समजू नका. छाती धरून येतात आणि कार्डिओग्रामची पट्टी अशी स्वच्छ निघते, असे किती पेशंट आहेत माझे. याच सेक्टरमधले.”

“मला कसे कधी दिसत नाहीत?”

“तुम्ही तरी कुणाला दिसताय?” डॉक्टर म्हणाले.

जयमालाबाईंना ती नुसती समजूत वाटली. श्यामसुंदरराव मात्र खूश. “हार्टला काही नाही ना? मग टेन्शन कसलं? विषय संपला!”

त्यांच्यापुरता संपला. जयमालाबाई दुपारी रिसीव्हरखाली घडी घातलेला हातरुमाल सारू लागल्या. रिसीव्हर पुरता टेकायचा नाही, दोन तास तरी शांतता. ऑफिसातून तक्रार आली, साहेब, तुमचा फोन सारखा एंगेज. “कुणाशी एवढ्या गप्पा मारतेस गं?” श्यामसुंदररावांनी विचारलं. “बहिणीशी,” त्या म्हणाल्या. वेडी म्हणवून घेण्यापेक्षा बडबडी म्हणवून घेणं बरं.

अशात एके दिवशी तळमजल्यावरच्या गिरजाबाई वर आल्या. मूळच्या जालन्याकडच्या. नवरा मारोती कांदा-बटाट्याच्या मार्केटात तोलाईला, घरात अंथरुणाला खिळलेली सासू.

“जयमालाबाई, मही लेक सुचित्रा अडली तिकडं जालन्याला. लेकरू पायाळू हाय म्हनत्यात. जावई फोन करनार. तुमच्याच भरवशावर हाय बगा मी.”

“करू दे ना. मी घरातच असते.”

“न्हाई, तुमचा फोन लागत न्हाई म्हनतात समदे.”

“लागेल,” जयमालाबाई म्हणाल्या. “नक्की लागेल.”

पहिला दिवस त्यांनी फोनसमोर पाट मांडून काढला. फोन आलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी घंटी वाजली. धडधडत उचलला, तर कुणीतरी फरसाणवाल्याला विचारत होतं. राँग नंबर. पण अंगाचं पाणी पाणी झालं, भिंत धरूनही उभं राहवेना. फक्त वरणाला फोडणी देईपर्यंत, असं म्हणत त्यांनी रुमाल सारला. पडल्या जरा. औषधानं डोळा लागला तो ऊन उतरल्यावर उघडला.

खाली तारवाला आला होता. जिन्यावरून त्यांना दिसलं, गिरजाबाई हात मागे बांधून उभ्या, तारेला हात लावायला तयार नाहीत. शेवटी मारोतीनं ती वाचून घेतली. फोन लागत नाही. मुलगी झाली. सुचित्रा गंभीर, औरंगाबादला हलवलं. ताबडतोब या.

मार्केटातला एक ट्रक नाशिककडे रिकामा परतणार होता. ड्रायव्हरजवळ एकाची जागा होती. मारोती अंगावरच्या कपड्यांनिशी गेला. सासूला टाकून गिरजाबाईंना निघता येईना.

जयमालाबाई त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. “गिरजाबाई, फोन मीच काढून ठेवला होता. भीती वाटते मला त्याची. जीव जाईल असं होतं.”

गिरजाबाईंनी सासूच्या अंगावरची गोधडी सारखी केली. मग म्हणाल्या, “फोनची?”

“हो.”

“मला तुमच्या चपलांची वाटती.”

“काय?”

“जिन्यात तुमच्या चपला वाजल्या की मोरीत जाऊन नळ सोडते मी, ऐकू येऊ ने म्हनून. वरची सुमेधा रेडू मोठा करती. तिनंच सांगितलं मला. तो अरविंद तर दाराची कडी धरून उभा ऱ्हातो, तुमी पुढं जाईस्तवर.” त्यांचा आवाज चिरला. “पर तार येईस्तवर फोन काढून ठिवलात ना बाई! दुपारीच कळलं असतं, तर दुपारीच निघाला असता मानूस.”

जयमालाबाई वर आल्या, हातरुमाल उचलला आणि बादलीत बुडवला. ओला रुमाल काही रिसीव्हरखाली ठेवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. जयमालाबाई भिंत धरत गेल्या. उचलला.

“मारोती बोलतोय! सुचित्रा सुदीवर आली. पानी प्याली! लेकरू पेटीत ठिवलंय, त्याचं अजून काय सांगत न्हाईत.”

जयमालाबाईंनी चपला सरकवल्या. एक पाऊल टाकलं, फटक. खाली नळ सुटल्याचा आवाज आला. वर रेडिओ मोठा झाला.

त्या थांबल्या. कठडा धरला आणि आयुष्यात कधी ओरडल्या नव्हत्या तशा ओरडल्या, “सुचित्रा बरी आहे! गिरजाबाई, सुचित्रा बरी आहे हो!”

नळ बंद झाला. मग रेडिओ. एकेक दार बोटभर उघडलं आणि कुणी दिसण्याआधीच मिटलं.

बाळाचं सांगायचं होतं, ते खाली जाऊन, हळू आवाजात. पायरीवर पाय ठेवता ठेवता जयमालाबाईंच्या मनात आलं, आता दर वेळी अशी आधी हाक द्यावी लागणार. आणि ज्या दिवशी बातमी वाईट असेल, हाक देता येणार नाही, त्या दिवशी आपण नुसतं गप्प उतरू लागलो, तरी पहिल्या पायरीलाच सगळ्या बिल्डिंगला कळेल.