उजेड उजवीकडं वळला

नळदुर्गच्या चाँदपाशाला कुणी काहीही बोलावं, पण त्याच्या मधाला नावं ठेवली की गडी पेटलाच! तुळजापूरच्या एका दुकानदारानं "यात पाक कालवलाय" म्हणून बाटल्या परत धाडल्या, तेव्हापासून त्याला धड घास जाईना. उभी हयात मधपेट्यांपायी घातलेली. तिथंच अब्रू गेली तर मागं राहिलं काय?

त्याची लेक शाहिस्ता कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "अब्बा, जीव कशाला जाळता? एक बाटली द्या, उजेडच सांगंल."

साखरेच्या अतिसूक्ष्म कणांनाही आपल्या हातांसारखं डावं-उजवं असतं. एका खास काचपट्टीतून गाळून एकाच रेषेत डुलायला लावलेला उजेड पाकातून सोडला तर त्याची ती रेषा उजवीकडं वळते. मधमाशी मात्र पोटातल्या रसानं फुलातली साखर फोडते, त्यातला एक भाग उजेडाला डावीकडं जास्त ओढतो, म्हणून खऱ्या मधातून तोच उजेड डावीकडं वळतो. कॉलेजातल्या यंत्रात हे डोळ्यांनी दिसतं.

शाहिस्तानं मध पाण्यात विरघळवला, नळीत भरला, डोळा लावला, तर काय! उजेड उजवीकडं! नळी धुऊन पुन्हा बघितलं, तरी तेच. या अल्ला, म्हणजे अब्बांनीच?

घरी येऊन तिनं खालमानेनं सांगितलं. "पाक? माझ्या मधात?" चाँदपाशा ओरडला. तेवढ्यात आई, नसीमबी, पदराला हात पुशीत चुलीपासून आली.

"अगं, कडुलिंबाच्या फुलाचा मध, कडसर लागतो. तुझे कॉलेजातले साहेब चाखून तोंड वाकडं करतील, म्हणून म्या तुझ्या बाटलीत खडीसाखरेचा पाक घातला. चांगला वाटीभर! परक्याच्या तोंडात कडू घालायचं व्हय?"

"अम्मी, तिथं कुणी चाखत न्हाय!"

चाँदपाशाला आधी संताप आला, मग हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः पेटीतलं पोळं काढलं, मध गाळला आणि बाटली छातीशी धरून लेकीबरोबर कॉलेजात गेला. यंत्राला डोळा लावून शाहिस्ता ओरडलीच, "डावीकडं, अब्बा! डावीकडं!"

म्हातारा लई खूश झाला. मग हळूच म्हणाला, "काल तुला बी वाटलं व्हय, बाप खोटा हाय म्हणून?"

शाहिस्ताचे डोळे भरले. "वाटलं, अब्बा."

"ब्येस! दुकानदाराला हेच सांगतो. माझी लेक सख्ख्या बापाला बी सोडत न्हाय, आता घे मध डोळे झाकून."