पावसच्या काकींची सही

इतक्या वर्षांनंतरही ती तक्रार मी विसरलेलो नाही, कारण ती घेऊन आला होता तो घर गमावलेला माणूस नव्हता, घर विकत घेणारा होता.

सन तीसच्या पुढचा काळ. मी रत्नागिरीत फौजदार होतो. सकाळची हजेरी संपत होती, एवढ्यात मुंबईच्या गोदीतून निवृत्त झालेला एक गृहस्थ ठाण्यात आला. पावसला एका विधवेचं गहाण घर त्याने कोर्टाच्या लिलावात घेतलं होतं.

"साहेब, मी बोली दिली ती कर्जापेक्षा बरीच जास्त होती. वरचे पैसे त्या काकींनाच मिळायचे ना? मग त्या शेजाऱ्यांच्या पडवीत का ऱ्हातात? मला त्या घरात जेवण जात नाय."

मी हवालदाराला घेऊन कोर्टात गेलो. कोर्टाचे पैसे-हिशेब सांभाळणाऱ्या नाझरांनी कागद काढून दाखवले. कर्ज फिटून उरलेली रक्कम काकींना कधीच दिलेली होती. पावतीवर डाव्या अंगठ्याचा ठसा होता, आणि बाईंना ओळखतो म्हणून कोर्टाबाहेर लोकांचे अर्ज लिहून द्यायला बसणाऱ्या एका अर्जनवीसाची सही होती.

आम्ही पावसला पोचलो तेव्हा काकी पडवीत कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. पोलीस बघून घाबरल्या. मी खाली बसलो तेव्हा कुठे बोलत्या झाल्या.

"लिलावाला गेला नव्हतात तुम्ही?"

"कशी जाणार? चार लोकांत आपल्याच घराची बोली ऐकायची? लाज वाटली. तो अर्जनवीस सांगून गेला, सगळां कर्जात गेलां. मी परत विचारलांच नाय."

"मग पावतीवर अंगठा?"

काकी ताठ बसल्या. "अंगठा कशाला लावीन? मला सही येते. घरधन्यांनी शिकवलनी. मुंबईहून मनीऑर्डर पाठवायचे, म्हणायचे, माझ्या पैशावर तुझां नाव तुझ्याच हातचां पायजे."

ते आजारी पडले, त्यांच्याच औषधपाण्यासाठी घर गहाण पडलं होतं. हे सांगताना मात्र काकींचा आवाज खाली गेला.

मी वरिष्ठांमार्फत पोस्टाकडून मनीऑर्डरच्या जुन्या पावत्या मागवल्या. प्रत्येकीवर काकींच्या हातचं वाकडंतिकडं, पण पूर्ण नाव होतं.

नाझरांनी रीतसर फिर्याद दिली. अर्जनवीस ठाण्यात आला तो हसतच. त्याला दरडावून उपयोग नव्हता. बोलण्यावर पोट भरणाऱ्या माणसाला बोलू द्यावं. मी पानाचा डबा पुढे केला.

"काकींनी तुमच्यासमोर अंगठा दिला?"

"अगदी समोर, साहेब. अडाणी बाई. तिला कुठली सही?"

"वर्षानुवर्षं ओळखता त्यांना?"

"तर! घरच्यासारखी."

मी पोस्टाच्या पावत्या टेबलावर मांडल्या. तो एकेक बघत गेला. पान तोंडातच राहिलं.

मग सगळं बाहेर आलं. बाजारातल्या एका गरीब बाईला दोन रुपये देऊन त्याने काकी म्हणून उभं केलं होतं. तिने साक्ष दिली. बहुतेक रक्कम त्याच्या घरी भाताच्या कणगीत सापडली. त्याला शिक्षा झाली आणि पैसे कोर्टामार्फत काकींना मिळाले.

त्यातून काकींनी थोडी कातळाकडेची जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या. चिरे स्वस्तात मिळवून दिले त्या गोदीवाल्या गृहस्थाने. वास्तुशांतीला तो, मी आणि हवालदार एकाच पंगतीत होतो. काकी आग्रह करकरून वाढत होत्या. हवालदाराने पाचव्यांदा सोलकढी घेतली तेव्हा म्हणाल्या, "घ्या हो, आता माझ्याच घरची हाय."

या तपासात मला कळलं, की त्या अर्जनवीसाला फारशी हुशारी लागलीच नव्हती. घर गेलेला माणूस लाजेने कोर्टाची पायरी चढत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. पुढे बदली होईपर्यंत, तालुक्यात कुणाचं घर लिलावात गेलं की मी हवालदाराकरवी निरोप धाडायचो: कोर्टात जा, मान वर करून विचारा, काय उरलं. बहुतेक वेळा काहीच उरलेलं नसे. पण माणसं जाऊन विचारू लागली होती.