कवळीकाकांनी परदेशाहून आणलेली ‘ती’

कवळीकाकांनी साठी उलटल्यावर परदेशातून बायको मागवली, ही बातमी गल्लीच्या या टोकाकडून त्या टोकाला जायला दूध उतू जायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. बातमीचं माहेर लॉंड्रीवालीचं दुकान. तिची इस्त्रीची टेबलं आणि काकांची कवळ्या करायची खोली यांच्यात एकच भिंत, आणि त्या भिंतीला वर एक झरोका. काका फोनवर बोलायचे ते मोठ्यानं, कारण परदेश लांब असतो अशी त्यांची समजूत. लॉंड्रीवालीनं ऐकलं ते असं: तिचं वय पंचवीसच्या वर आहे, तशी नोंद आहे. आधी एकाच घरात राहिलेली आहे. कागद पुरे झाल्याशिवाय तिला आत घेणार नाहीत. उतरवून घ्यायला मी स्वतः बंदरावर जाणार.

‘गंज’ असाही एक शब्द तिच्या कानावर पडला होता. पण तो बातमीत नीट बसेना, म्हणून तिनं तो काढून टाकला. अंगात न बसणारं कापड शिंपी कापतोच की. मग उरलेल्या बातमीला कडक इस्त्री मारून, घडी घालून, तिनं ती घरोघर पोचवली.

बातमी खोटी होती. खोटी म्हणजे अगदी मुळापासून नाही. ‘ती’ येणार होती, परदेशातूनच येणार होती आणि वयही पंचवीसच्या वरच होतं. फक्त तिला चार चाकं होती. मराठीत गाडीला ‘ती’ म्हणतात, यात काकांचा काय दोष?

पण हे कळायच्या आधी ती बातमी ताईच्या कानावर गेली. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. नवऱ्याच्या मागं ती भावाकडे राहायला आली. भाऊ बिनलग्नाचा, त्यामुळे त्या घरात कुणाचं चालतं हा प्रश्नच कधी पडला नव्हता. ताईनं भाजीच्या दुकानात ते ऐकलं, भाजी न घेता घरी आली आणि कपाट रिकामं करायला बसली. अर्ध्या फळ्या मोकळ्या केल्या. स्वतःच्या साड्या पेटीत भरल्या, उशा झटकल्या. हे सगळं तोंडातून शब्द न काढता, पण वस्तू खाली ठेवताना घरातला प्रत्येक पेला हलेल अशा बेतानं.

काका कामाच्या खोलीतून डोकावले. हातात मेणाचा जबडा, डोळ्यांवर भिंग. त्यांना वाटलं झुरळ निघालं.

“आणायचीच असेल तर आण,” ताई पेटीकडे बघत म्हणाली. “मी आड येणाऱ्यातली नाही. पण तिला आधीच सांगून ठेव, तिची उष्टी भांडी मी घासणार नाही.”

“कुणाची भांडी?”

“त्या पंचवीस वर्षांच्या बयेची.”

काकांची दातखीळ बसली. गल्लीभर दात पुरवणाऱ्या माणसाची दातखीळ बसणं हा योग तसा दुर्मीळच. मग ते खाली बसले आणि इतके हसले की मेणाचा जबडा हातात चेपला, एका गिऱ्हाईकाची कवळी लांबणीवर पडली. हसू आवरल्यावर त्यांनी सांगितलं. खरं तर ताईला शेवटच्या दिवसापर्यंत काही कळू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण कपाट रिकामं झाल्यावर कसली गुपितं.

तरुणपणी काका परदेशात एका म्हाताऱ्याकडे कवळ्या करायला शिकले. हा वस्ताद मोठा तिरसट. दात वाकडा बसला की साचा फेकून द्यायचा. पण सुटीच्या दिवशी आपल्या छोट्या दोन दारी गाडीची किल्ली तो काकांच्या हातात ठेवायचा आणि शेजारी बसून झोपायचा. काका गाडी चालवायला शिकले ते या घोरण्याच्या तालावर. गाडीचा रंग पांढरा नव्हे, पिवळा नव्हे. काका त्याचं वर्णन दातांच्या रंगाच्या पट्टीवरून करायचे: दिवसातून चार कप चहा पिणाऱ्या माणसाच्या पुढच्या दाताचा. त्या गाडीचा एक फोटो त्यांनी तेव्हा ताईला पाठवला होता आणि मागं लिहिलं होतं, ‘एक दिवस तुला हिच्यात बसवून फिरवीन.’ ताईचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, घर सासू-दिरांनी भरलेलं होतं, ती कुठं फिरायला जाते. मग दिवस गेले, नवरा गेला, गुडघे गेले. फोटो मात्र राहिला. देव्हाऱ्यात नव्हे, पिठाच्या डब्याच्या झाकणात खोचलेला, कारण ताई दिवसातून दोनदा तिथंच जाते.

आता वस्तादही गेला होता. त्याच्या मुलीनं फोन केला: गाडी शेडमध्ये उभी आहे, तुम्ही नेणार की भंगारात देऊ?

तर ‘ती’ ही अशी.

ताईनं पेटीतल्या साड्या परत कपाटात लावल्या. तिला बरं वाटलं हे तर खरंच. पण भांडणाची एवढी तयारी वाया गेल्याचं थोडं वाईटही वाटलं असणार. त्या दिवशी आमटीला तिखट जास्त पडलं होतं.

आता परदेशातली गाडी देशात आणणं म्हणजे बॅग आणण्याइतकं सोपं काम नाही. ज्या गाड्या इथल्या बाजारासाठी बनलेल्याच नाहीत, त्यांना इथला कायदा सहसा दारात उभं करत नाही. सूट फक्त म्हाताऱ्यांना. पंचवीस वर्षं उलटलेली असतील, तर जुनी आठवण म्हणून आत या. माणसं वय लपवतात, काका मात्र महिनाभर गाडीचं वय सिद्ध करत फिरत होते. बंदरावरच्या एका दलालानं ‘कशाला एवढी यातायात, मागच्या दारानं सोडवतो’ असं सुचवलं. काकांनी त्याला सांगितलं, ज्या गाडीत ताई बसणार ती पुढच्या दारानं येईल. शिवाय गाडीच्या पोटाला परक्या मातीचा कण चिकटलेला चालत नाही, असाही एक नियम निघाला. तेव्हा काका कवळ्या घासायचा बारका ब्रश घेऊन बंदरावर गाडीखाली आडवे झाले. तिथले हमाल बघत राहिले. कुणाला गाडीचे दात घासताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

ओढगाडीवरून गाडी आली. गल्लीनं गर्दी केली. लॉंड्रीवाली सगळ्यात पुढे, जणू वरमाय तीच. ताईनं नेहमीच्या सवयीनं डावीकडचं दार उघडलं, आत बसली आणि समोर स्टिअरिंग बघून म्हणाली, हे माझ्या पुढ्यात कशाला. त्या देशात गाड्या आपल्या उलट्या बाजूनं चालतात, तेव्हा चाकही उलट्या बाजूला. ताई उतरली, फेरा मारून दुसऱ्या बाजूला गेली. गुडघ्यांना हा एक फेरा कायमचा वाढला.

पण फिरायला निघता येईना. गाडी तपासनीसाकडून पास होईपर्यंत रस्त्यावर नेता येत नव्हती, आणि पास व्हायला मुदत होती. मुदतीत नापास, तर दोनच वाटा: आल्या जहाजानं परत, नाहीतर यंत्रात घालून पत्र्याची वडी. आणि नेमका जहाजातून उतरवताना मागचा एक दिवा फुटलेला. सांगाडा शाबूत, वरची लाल काच गेलेली. या गाडीचा सुटा भाग देशात कुठंच नाही. परदेशातून मागवावा तर मुदत टळते.

काका म्हणाले, त्यात काय. जबड्याचा साचा काढणाऱ्याला दिव्याचा साचा काय अवघड. शाबूत बाजूच्या काचेवरून त्यांनी मेणात मोजून उलट्या बाजूची काच घडवली, प्लास्टरमध्ये दाबली, मेण वितळवून काढलं आणि कवळीचा मसाला ओतला. ताईला हाक मारली, “तो लाल डबा दे गं.” ताईनं लाल डबा दिला. काच अशी फिट बसली की नखसुद्धा आत जाईना.

तपासणीच्या दिवशी ताई हट्टानं बरोबर गेली. ओढगाडीवर गाडी चढवली, ताईला ड्रायव्हरशेजारी बसवलं. तिथं पोचल्यावर ती उतरून आपल्या गाडीत जाऊन बसली. तपासनीस शांत माणूस होता, पण बोलताना त्याची कवळी टकटक वाजायची. काकांना तो आवाज पहिल्याच वाक्याला कळला. खालची कवळी सैल, डाव्या बाजूनं उचलतेय. त्यांची बोटं शिवशिवली, त्यांनी ती खिशात घातली. तपासनीसानं ब्रेक बघितले, टायर बघितले, पोटाखालून दिवा फिरवला आणि मान डोलावली, इतकं स्वच्छ पोट त्यानं पाहिलं नव्हतं. मग तो मागं गेला आणि थांबला.

“हा कुठला रंग?”

“लाल,” काका म्हणाले.

“हा लाल?”

“लालच आहे,” गाडीत बसलेली ताई म्हणाली. “इतकी वर्षं मीच डबा देते.”

तपासनीसानं चष्मा पुसला, वाकून दिव्याला बोट लावलं आणि जरा वेळानं सरळ झाला.

“बाई, ही हिरडी आहे. माझ्या तोंडात हीच आहे.”

झालं होतं ते असं. काकांच्या खोलीत जन्मभर दोनच रंग: दाताचा तो पांढरा आणि हिरडीचा तो लाल. बाहेरचं जग हिरडीला गुलाबी म्हणतं हे दोघंही कधीच विसरले होते. एकाला सांगायला दुसरा शहाणा नव्हता. काकांनी शाबूत दिव्याकडे बघितलं, मग आपल्या दिव्याकडे. एक खरा लाल. दुसरा जीभ दाखवतो आहे तसा. स्वतःचेच दात स्वतःच्या घशात जाणं म्हणतात ते हेच.

नापास. मुदत संपायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी एकदा परत आणता येईल, एवढं मात्र तपासनीसानं सांगितलं. आणि मग, शिक्का खाली ठेवून, आवाज उतरवून त्यानं विचारलं, तुम्ही कवळ्या करता तर, माझी ही जरा वाजते. दोन मिनिटांचं काम असेल ना?

दोन मिनिटांचंच होतं. काकांच्या खिशातली बोटं पुन्हा शिवशिवली. ताईनंही डोळ्यांनी खूण केली की कर, कर.

“साहेब, गाडी पास झाली की या,” काका म्हणाले. “नापास झाली तरी या. पण मधे नको.”

घरी आल्यावर ताईनं पिठाच्या डब्याचं झाकण उघडलं, फोटो काढला, पुसला आणि परत तिथंच खोचला. काकांनी ते बघितलं आणि सरळ कामाच्या खोलीत गेले.

गल्लीत मात्र चर्चासत्र भरलं. लॉंड्रीवालीचं मत ठाम: त्याची कवळी बसवून टाका, गाडी आपोआप बसते. काकांनी तिला सांगितलं की तसंच करायचं असतं तर बंदरावरचा दलाल काय वाईट होता. मग ती दुकानात गेली आणि एक पुडी घेऊन आली. विटलेले कपडे ती लपूनछपून रंगवून देते. गल्लीला वाटतं तिचे कपडे धुऊन नवे होतात. ही पुडी बाहेर काढणं म्हणजे धंद्याचं मर्म उघडं करणं होतं. रंग: खरा लाल. अट एकच: तपासणीला तिलाही न्यायचं.

काकांनी आता बिनरंगी मसाला घेतला. पहिली काच फिकी झाली, दुसरी इतकी गडद की आतला बल्ब लागला की विझला कळेना. आता काकांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास उरला नव्हता. रंग झरोक्यातून लॉंड्रीवालीला दाखवायचा, आणि ती म्हणेल तोच लाल. तिसऱ्या काचेला झरोक्यातून उत्तर आलं, हाच.

मुदतीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, तपासनीस गाडीच्या मागं मोजत मोजत लांब गेला. ताई गाडीत नव्हती. ती बाहेर उभी होती, हातात पिठाळलेला फोटो. शेजारी लॉंड्रीवाली स्वतःच्याच पदराची इस्त्री चुरगाळत होती. काकांनी आत बसून ब्रेक दाबला. लांबून तपासनीस बघत राहिला, डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे. मग परत आला आणि त्यानं शिक्का उचलला.

शिक्का बसल्यावर त्यानं तोंडावर रुमाल धरला, कवळी काढून त्यात गुंडाळली आणि काकांपुढं धरली. आता बिनदाती बोलला तो शब्द कुणाला कळला नाही, पण अर्थ सगळ्यांना कळला. “आता द्या,” काका म्हणाले आणि गाडीच्या टपावरच ठेवून ती घासायला लागले.

मग गाडी निघाली. पुढे काका, शेजारी ताई, मागं पाय दुमडून लॉंड्रीवाली. ताईनं खिडकीची काच खाली केली, हात बाहेर ठेवला आणि घराचं वळण आलं तेव्हा म्हणाली, सरळ जाऊ दे. काकांनी सरळ जाऊ दिलं.

बऱ्याच वेळानं मागून लॉंड्रीवाली पुढं वाकली. तिला उद्याच्या दुकानाची काळजी पडली होती. तिकडे गल्लीत अजून निम्मी माणसं, गाडी आधी आली म्हणजे नवरी मागून येईल असं धरून, वाट बघत होती, आणि काहींनी तर आहेरही ठरवला होता. तिनं विचारलं, “काका, आता गल्लीला काय सांगू?”

काकांनी आरशातून तिच्याकडे बघितलं.

“खरं सांग. ते गल्लीला चाववत नसेल तर पाठव माझ्याकडे, कवळ्या बसवून देतो.”