अकरावी अट

सरकारी घरांच्या सोडतीची जाहिरात आली त्याच दिवशी मी वहीत अकरा मुद्दे काढले. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, आधार, पॅन, नवऱ्याच्या तळोज्यातल्या कारखान्याच्या पगारपावत्या वगैरे. करंजाड्यात भाड्याने राहून नऊ वर्षं झाली होती. दर अकरा महिन्यांनी नवा करार आणि दोन-तीन करारांनंतर नवी खोली. पुन्हा बिऱ्हाड हलवायची माझी तयारी नव्हती.

दहा मुद्द्यांपुढे खुणा झाल्या. अकरावा सर्वांत सोपा, म्हणून शेवटी ठेवला होता: अर्जदाराच्या किंवा जोडीदाराच्या नावे कुठेही पक्कं घर नसावं. नव्हतंच. तरी सवयीप्रमाणे माहेरच्या ग्रामपंचायतीतून घराचा उतारा मागवला. गाव उलव्याच्या पलीकडे. उतारा सोमवारी हातात आला. वडिलांच्या जागी दोन नावं होती, भावाचं आणि माझं. अर्ज शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होते.

मदत केंद्रातल्या बाई म्हणाल्या, "हिस्सा असला तरी घर तुमचंच धरतात. खोटं प्रतिज्ञापत्र दिलंत, तर लागलेलं घरही जाईल."

मंगळवारी मी गावी गेले. भाऊ हसला. "बाय, लिव की नाय म्हणून. कोण येतंय बगायला?"

"खोटं लिहिणार नाही. तू माझ्या हिश्शाची हक्कसोड करून घे, मी सही देते."

त्याचा चेहरा उतरला. विमानतळामुळे जमिनींना भाव आला, तेव्हा गावातल्या भावांनी बहिणींना जेवायला बोलावून, साडी देऊन हक्कसोडीच्या सह्या घेतल्या होत्या. माझ्या भावाने घेतली नाही. उलट वडील गेल्यावर मला न सांगता माझं नाव त्यानेच लावलं, आणि पारावर ते तो छाती पुढे काढून सांगायचा.

"मंजे आता मी पण त्यांच्यातलाच," तो म्हणाला. "लोकं म्हनतील, आलं याचं सोंग बाहेर."

वहिनी चहा घेऊन आली होती. "तुमाला बहीण पायजे का बढाई?" ती म्हणाली. तो उठून बाहेर गेला. कप तसेच राहिले.

बुधवारी त्याने फोन उचलला नाही. गुरुवारीही नाही. मी दस्त तयार करून घेतला, नोंदणीची शुक्रवारी अकराची वेळ घेतली, आणि ती त्याला मेसेजने कळवली. साक्षीदार म्हणून नवरा आणि शेजारी ठरवले. गावातलं कुणी नको, एवढं मी त्याच्यासाठी पाहिलं होतं.

शुक्रवारी सव्वाअकराला नोंदणी कार्यालयात आमचा नंबर पुकारला. मी मागच्यांना पुढे जाऊ दिलं. आणखी दोघांना जाऊ दिलं. नवरा घड्याळ बघत होता. बाराच्या सुमाराला भाऊ जिना चढून आला. बरोबर गावातले दोन म्हातारे, पारावर सर्वांत जास्त बोलणारे.

"साक्षीदार आणलेत," तो म्हणाला. "उद्या जे बोलणार, त्यांनी आजच बगावं. सांग यांना, सही कोनी मागितली?"

सगळे आमच्याकडे बघायला लागले. "मीच देते म्हणाले," मी सांगितलं. "त्याला नको होती."

एक म्हातारा भावाकडे वळला. "साडी तरी आणलीस का रं?"

"काका, आज तिनंच मला धोतर द्याला पायजे."

दोघे म्हातारे खो-खो हसले. भाऊ हसला नाही. आत अधिकाऱ्यांनी विचारलं, स्वखुशीने सही करताय ना? मी हो म्हटलं आणि यंत्रावर अंगठा ठेवला. पहिल्या वेळी तो उमटलाच नाही.

पावणेचारला अर्ज गेला. भाऊ सायबर कॅफेच्या दारातच उभा होता.

"झालं ना? मिलालं घर?"

"नाही रे. आता फक्त अर्ज करायला पात्र झाले. सोडत निघायचीय."

"आन नाय लागलं तर? मंजे हितं पण नाय, तितं पण नाय?"

मी वही उघडली. यादी अकराला संपत होती.