लहान रांग
दवाखान्यातल्या स्पिरिटच्या वासाने मला मुलुंडचा लसीकरणाचा हॉल आठवला. आईचा दुसरा डोस होता. दोन लसींच्या दोन रांगा होत्या. मी ड्युटीवरून थेट आलेले, पाय दुखत होते, म्हणून फलक न वाचताच तिला लहान रांगेत उभं केलं. घरी कागद पाहिला, तर लस पहिल्यापेक्षा वेगळी! रात्री आई तापाने फणफणली. डॉक्टर फोनवर म्हणाले, "वेगवेगळ्या लसी घेतल्यावर ताप जरा जास्त येतो, उतरेल." उतरलाही. पण आई शेजारणींना सांगत राहिली, "मीच भलत्या रांगेत घुसले गं." मीही ते तसंच राहू दिलं. आज तिच्या रक्ततपासणीसाठी मी आधी फलक वाचला, मग मोठ्या रांगेत उभी राहिले. आई म्हणाली, "ती रांग छोटी आहे ना गं, पाय दुखतील तुझे." म्हणजे मी लहान रांग का निवडली, ते तिला तेव्हाही ठाऊक होतं.