ओकेचा रिपोर्ट

माधवनगरच्या बंद गिरणीवर वॉचमन असलेला एक माजी जवान मला रोज सकाळी चहाच्या गाड्यावर भेटायचा. नाव मी कधी विचारलं नाही; आयुष्यभर हजेरी घेऊन मला नावांचा वीट आलाय. कपाला हात लावण्याआधी तो माण तालुक्यातल्या गावी बायकोला फोन लावायचा, "ओके?" विचारायचा आणि तिकडून "ओके" आलं की ठेवून द्यायचा. पलटणीत रोज असाच रिपोर्ट द्यायचा म्हणे.

माझ्यातल्या निवृत्त इंग्रजी मास्तराला हे सोसेना. एकदा त्याला धरून ऐकवलंच, की हा शब्द अमेरिकेतल्या पेपरवाल्यांनी चेष्टेत काढला, त्याचा मूळ अर्थ 'सगळं बरोबर', आणि आता जो तो वाटेल तिथं वापरतो.

तो बिस्किट बुडवत म्हणाला, "आवं सर, बर्फात माझा पाय मोडला, तवा मी घरी ओकेच कळवलं. तिकडं घराचे पत्रे उडालेले, तरी ती बी ओकेच म्हणाली. सुट्टीवर गेलो तवा दोघांचं बी पितळ उघडं पडलं."

"मग रोज फोन करता कशाला?"

"आवाज ऐकाय. शब्दाला कोण इचारतंय?"

माझी उभी नोकरी त्यानं बिस्किटासंगं चहात बुडवली.

मागच्या आठवड्यात मात्र फोन ठेवून तो तसाच उठला. भरला कप गाड्यावर सोडून एसटी स्टँडकडं झपाझपा चालू लागला.

"काय म्हणाल्या वहिनी?" मी ओरडलो.

"ओके म्हणाली," तो मागं न बघता म्हणाला आणि पळायलाच लागला.